कस्तुरबा गांधी : नेत्याची पत्नी आणि सार्वजनिक कार्यकर्ती

प्रस्तावना

आधुनिक भारताच्या इतिहासात नेत्यांच्या पत्नींचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपतो. ‘पतीला साथ दिली’, ‘घर सांभाळले’, ‘त्याग केला’ अशा शब्दांत त्यांचे आयुष्य मावते असे गृहीत धरले जाते. हे शब्द खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. साथ देणे म्हणजे नेमके काय करणे? ती साथ स्वखुशीची होती की लादलेली? नेत्याची पत्नी असल्यामुळे सार्वजनिक जीवनात कोणते दार उघडते आणि कोणते बंद होते? प्रस्तुत घटकात कस्तुरबा गांधी (१८६९–१९४४) यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

कस्तुरबांची निवड करण्याचे कारण असे की, त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांचे कार्य फार थोड्यांना. त्या तुरुंगात गेल्या, खेड्यात राहिल्या, सत्याग्रहाची जबाबदारी त्यांनी उचलली आणि सरकारच्या कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. असे असूनही त्यांची ओळख ‘बापूंच्या बा’ एवढीच राहिली. असे का झाले, हेही समजून घेणे आवश्यक आहे.

१. साधनांचा प्रश्न

कस्तुरबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नव्हते. प्रौढ वयात त्यांना साधे गुजराती वाचता आणि कष्टाने थोडेफार लिहिता येत असे. त्यामुळे त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती इतरांच्या लेखनातून मिळते, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेचा आहे. म्हणजे पत्नीचे आयुष्य आपण पतीच्या नजरेतून वाचतो.

या ठिकाणी महाराष्ट्रातील एक उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिले. ते १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. पतीने शिकविले, घरातील बायकांनी त्याबद्दल छळले, दोन्ही बाजूंचा ताण कसा सोसला, हे रमाबाई स्वतः सांगतात. कस्तुरबांच्या बाबतीत असा प्रथमपुरुषी आवाज जवळजवळ उपलब्ध नाही. म्हणून त्यांचा अभ्यास करताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, गांधीजींच्या वर्णनाची अन्य सहकाऱ्यांच्या वृत्तान्ताशी तुलना करणे. दुसरी, कस्तुरबा काय म्हणाल्या यापेक्षा त्यांनी काय केले याकडे अधिक लक्ष देणे. त्यांची कृती तारीखवार नोंदली गेली आहे. त्यांचे शब्द मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लेखणीतून आले आहेत.

२. पूर्वायुष्य आणि गृहजीवनातील संघर्ष

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास कपाडिया हे व्यापारी होते. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह मोहनदास गांधी यांच्याशी झाला. पतीपेक्षा त्या काही महिन्यांनी मोठ्या होत्या. आपण संशयी पती होतो, पत्नीने कोठे जावे यावर बंधने घालीत होतो आणि तिने ती बंधने मानली नाहीत, असे गांधीजींनी स्वतः लिहिले आहे. देवळात जायला किंवा मैत्रिणींना भेटायला पतीची परवानगी कशाला हवी, हा कस्तुरबांचा पवित्रा होता. सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना हा तपशील गौण वाटेल. पण न भांडता, न वाकता आपले म्हणणे आचरणातून टिकवणे हा त्यांचा स्वभाव येथूनच दिसतो.

१८९७ च्या जानेवारीत त्या मुलांसह दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे उतरल्या. डर्बनच्या घरातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. गांधीजींच्या घरी त्यांचे कारकून राहत. खोल्यांत मोऱ्या नसल्याने रात्रीची भांडी घरच्यांनाच साफ करावी लागत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाचे भांडे उचलताना कस्तुरबांना रडू आले. त्यांनी ते हसतमुखाने करावे असा गांधीजींचा हट्ट होता. वाद वाढला आणि गांधीजी त्यांना हात धरून दारापर्यंत ओढत घेऊन गेले. परक्या देशात मी कोठे जाऊ, असे कस्तुरबांनी विचारल्यावर ते भानावर आले.

या प्रसंगात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींची भूमिका पुढची होती आणि कस्तुरबा परंपरेत वाढलेल्या होत्या. परंतु ती भूमिका पत्नीवर बळजबरीने लादण्याचा अधिकार पतीला आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. सुधारणेचे उद्दिष्ट योग्य असले तरी घरातील सत्ता तशीच राहू शकते. अभ्यासकाने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. एकीसाठी दुसरी झाकू नये.

१९०१ मध्ये भारतात परतताना तेथील भारतीयांनी कुटुंबाला मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी सोन्याचा हार होता. सर्व भेटी सार्वजनिक कामासाठी विश्वस्तनिधीत द्याव्यात असे गांधीजींनी ठरवले. कस्तुरबांनी विरोध केला. हार मला मिळाला आहे, त्यावर तुमचा हक्क कसा, आणि तुमच्या सेवेत माझी सेवा नाही का, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर भेटी परत केल्या गेल्या. पण येथे कस्तुरबांनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे : नेत्याच्या सार्वजनिक कामात पत्नीचे न मोजलेले श्रम असतात.

३. १९१३ : घरातून सत्याग्रहात

कस्तुरबांच्या सार्वजनिक जीवनाचा खरा आरंभ १९१३ मध्ये झाला. त्या वर्षी १४ मार्च रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की, ख्रिस्ती पद्धतीने न झालेले किंवा विवाह निबंधकाकडे न नोंदवलेले विवाह दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर नाहीत. या निर्णयाने हिंदू, मुस्लिम आणि पारशी विवाह एका फटक्यात अवैध ठरले. भारतीय स्त्रियांचा पत्नी म्हणून दर्जा गेला आणि मुलांचे वारसाहक्क धोक्यात आले.

या वेळी कस्तुरबा लढ्यात कशा आल्या, याचे दोन वृत्तान्त मिळतात. गांधीजींच्या लेखनानुसार त्यांनी फिनिक्स आश्रमातील अन्य स्त्रियांशी तुरुंगात जाण्याविषयी बोलणे केले होते. पत्नीवर दडपण येऊ नये म्हणून तिला विचारले नव्हते. कस्तुरबांनी ते ऐकले आणि मला का वगळले, असा जाब विचारला. फिनिक्समधील सहकारी रावजीभाई पटेल यांच्या आठवणींत मात्र विषय गांधीजीच काढतात : आता तू माझी कायदेशीर पत्नी राहिली नाहीस, असे ते स्वयंपाकघरात सांगतात आणि त्यातून तुरुंगात जाण्याची गोष्ट निघते. पहिल्या वृत्तान्तात पुढाकार कस्तुरबांचा आहे, दुसऱ्यात सूचना गांधीजींची आहे. दोन्हींत समान असलेला भाग असा की, प्रश्न समजून घेतल्यावर कस्तुरबांनी होकार दिला आणि तो पाळला.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात चार स्त्रिया होत्या : कस्तुरबा, जयकुंवर डॉक्टर, काशी गांधी आणि संतोक गांधी. परवान्याशिवाय नाताळमधून ट्रान्सवालमध्ये शिरणे हा गुन्हा होता, आणि तो करून अटक ओढवून घेणे ही योजना होती. पोलिसांना आपली नावे सांगू नयेत, असे त्यांना बजावले होते. कारण हे गांधींचे नातेवाईक आहेत असे कळल्यास पोलीस त्यांना अटकच करणार नाहीत, अशी भीती होती. नेत्याची पत्नी ही ओळख येथे अडसर ठरत होती, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. सामान्य सत्याग्रही म्हणून शिक्षा भोगायची तर ती ओळख बाजूला ठेवावी लागत होती.

२३ सप्टेंबर रोजी त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ती त्यांनी पीटरमॅरिट्झबर्गच्या तुरुंगात भोगली. सुटका झाली तेव्हा त्यांची प्रकृती अतिशय खालावली होती. दरम्यान टॉलस्टॉय फार्मवरील स्त्रियांच्या आवाहनावरून न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतील मजुरांनी संप केला आणि नोव्हेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचा मोर्चा ट्रान्सवालकडे निघाला. वल्लीअम्मा ही तरुण तमिळ सत्याग्रही तुरुंगातील आजारामुळे २२ फेब्रुवारी १९१४ रोजी मरण पावली. १९१४ च्या भारतीय साहाय्य कायद्याने भारतीय विवाहांना मान्यता मिळाली आणि तीन पौंडांचा कर रद्द झाला.

४. भारतातील कार्य

(अ) चंपारण्य : १९१७ मध्ये बिहारमधील चंपारण्यात नीळ उत्पादक शेतकऱ्यांचा प्रश्न हाती घेतल्यावर गांधीजींनी तेथे शाळा सुरू केल्या. त्यांसाठी आलेल्या स्वयंसेवकांत महाराष्ट्र-कर्नाटकातील कार्यकर्ते लक्षणीय होते : अवंतिकाबाई गोखले, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन, बेळगावचे सोमण आणि डॉ. देव. भितिहरवा येथील शाळेत कस्तुरबा राहिल्या. अक्षरओळख पुरेशी नसलेली स्त्री शिकवणार काय, असा प्रश्न साहजिक होता. गांधीजींचे उत्तर असे की, व्याकरण नव्हे, तर स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवायच्या आहेत.

जवळच्या एका खेड्यात स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले, तेव्हा त्या कपडे का धूत नाहीत, हे विचारण्यास कस्तुरबांना सांगण्यात आले. एका बाईने त्यांना झोपडीत नेऊन दाखवले की, अंगावरच्या साडीखेरीज तिच्याकडे दुसरे वस्त्रच नाही. मग धुवायचे काय आणि नेसायचे काय? अस्वच्छतेचे कारण आळस नसून दारिद्र्य आहे, ही माहिती या भेटीतून आली. परक्या पुरुष कार्यकर्त्याला ती झोपडीत मिळाली नसती. स्त्री कार्यकर्त्यांशिवाय ग्रामीण भारताचे अर्धे वास्तव चळवळीला दिसणारच नव्हते, असा याचा अर्थ होतो.

(आ) पतीच्या अनुपस्थितीत नेतृत्व : मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर कस्तुरबांच्या नावाने देशवासीयांना उद्देशून निवेदन प्रसिद्ध झाले. परदेशी कापड सोडून खादी वापरावी, स्त्रियांनी सूत कातावे आणि व्यापाऱ्यांनी परदेशी कापडाचा व्यापार बंद करावा, असे त्यात आवाहन होते. त्याआधी डिसेंबर १९२१ मध्ये कलकत्त्यात चित्तरंजन दास यांच्या पत्नी बसंतीदेवी यांनी खादी विकून अटक करवून घेतली होती, आणि १९२२ मध्ये त्या बंगाल प्रांतिक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. नेता तुरुंगात गेला की त्याची पत्नी पुढे येते, हा क्रम या काळात अनेक प्रांतांत दिसतो. दडपशाहीच्या काळात संघटना चालू ठेवण्याचा तो एक मार्ग होता. मात्र त्याची एक मर्यादाही होती : पती सुटून आला की पत्नीचे स्थान पुन्हा मागच्या रांगेत जाई.

(इ) राजकोट : १९३९ च्या आरंभी राजकोट संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा सुरू होता. राजकोट हे कस्तुरबांचे सासर. तेथील स्त्रियांना अटक होत असताना आपण दूर राहू शकत नाही, या भावनेने त्या वयाच्या सत्तरीत तेथे गेल्या. फेब्रुवारीत त्यांना अटक झाली आणि त्रंबा गावी स्थानबद्ध करण्यात आले. गांधीजी राजकोटला त्यानंतर गेले. म्हणजे या लढ्यात पत्नी आधी आणि पती नंतर, असा क्रम आहे.

५. मतभेद आणि जाहीर चिकित्सा

नेत्याच्या कुटुंबाचे खासगी जीवन खासगी राहत नाही. गांधीजींच्या आश्रमात तर ते राहणार नाही हे उघड तत्त्वच होते. १९१५ मध्ये अहमदाबादच्या आश्रमात दूदाभाई, दानीबेन आणि त्यांची मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलेले कुटुंब राहायला आले, तेव्हा कस्तुरबांचा विरोध होता. पुढे त्यांची भूमिका बदलली. १९२९ मध्ये कस्तुरबांनी भेट मिळालेले चार रुपये आश्रमात जमा केले नाहीत, हे गांधीजींनी वृत्तपत्रात लेख लिहून जाहीर केले. १९३८ मध्ये ओडिशातील डेलांग येथील मुक्कामात कस्तुरबा काही सोबतिणींसह पुरीच्या जगन्नाथ मंदिरात गेल्या. हरिजनांना तेथे प्रवेश नव्हता. गांधीजींना याचा जबर धक्का बसला. महादेव देसाई यांनी आपली जबाबदारी मानून राजीनामा देऊ केला, इतपत गोष्ट गेली.

हे प्रसंग दोन प्रकारे वाचता येतात. अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीचा नेता स्वतःच्या घराला सूट देत नाही, हा सार्वजनिक नैतिकतेचा आदर्श आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, ज्या स्त्रीकडे वृत्तपत्र नाही, तिची चूक वृत्तपत्रात मांडली जाते आणि तिची बाजू कोणी छापत नाही. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी आहेत. कस्तुरबांचा देवळावरील विश्वास आणि चळवळीचा बहिष्कार यांत ओढाताण झाली, ती त्या काळातील असंख्य श्रद्धाळू स्त्रियांची ओढाताण होती.

६. १९४२–१९४४ : आगाखान पॅलेस

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा ठरलेली होती. ती सभा मी घेईन, असे कस्तुरबांनी जाहीर केले. प्रकृती बरी नव्हती, वय ७३ होते. सभेला निघण्यापूर्वीच त्यांना डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह अटक करण्यात आली. प्रथम मुंबईच्या तुरुंगात ठेवून नंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर हलवले गेले. १५ ऑगस्ट रोजी तेथेच महादेव देसाई यांचा मृत्यू झाला.

सुशीला नय्यर यांच्या लेखनातून या कैदेतील दिवसांची माहिती मिळते. गांधीजी कस्तुरबांना भूगोल आणि वाचन शिकवत. एकीकडे हृदयविकार बळावत होता. शेवटच्या आजारात पुत्र देवदास यांनी पेनिसिलिनची व्यवस्था केली होती. ते इंजेक्शनने वारंवार द्यावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी त्याला संमती दिली नाही. मृत्यू समोर दिसत असताना रुग्णाला त्रास देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. या निर्णयावर पुढे बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांनी येथे एक प्रश्न अवश्य विचारावा : निर्णय कोणाचा असायला हवा होता? दक्षिण आफ्रिकेत गंभीर आजारात डॉक्टरांनी गोमांसाचा रस घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी स्वतः ठाम नकार दिला होता. आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याची क्षमता त्यांनी तेव्हाच दाखवली होती.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांचे निधन झाले. पॅलेसच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. महादेव देसाई यांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. वल्लीअम्माच्या मृत्यूला त्याच दिवशी तीस वर्षे झाली होती.

७. स्मृती आणि वारसा

त्यांच्या स्मरणार्थ ७५ लाख रुपयांचा निधी जमवण्याचे ठरले. प्रत्यक्षात एक कोटीहून अधिक रक्कम जमली. ग्रामीण स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी काम करणारा ‘कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट’ त्यातून उभा राहिला. इंदूरजवळील कस्तुरबाग्राम हे त्याचे केंद्र. महाराष्ट्रात प्रेमा कंटक यांनी सासवड येथून या ट्रस्टचे काम केले. २००३ पासून ११ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन मानला जातो. २००४ मध्ये वंचित समाजगटांतील मुलींच्या निवासी शिक्षणासाठी ‘कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय’ योजना सुरू झाली. जिला शाळेत जाता आले नाही, तिच्या नावाने मुलींच्या शाळा चालतात, हे योग्यच आहे. परंतु त्या शाळांतील मुलींना कस्तुरबा १९१३ मध्ये सक्तमजुरी भोगलेल्या कैदी होत्या हेही कळले पाहिजे. केवळ मातृत्वाची प्रतिमा पुरेशी नाही.

सारांश

नेत्याच्या पत्नीच्या सार्वजनिक भूमिकेचे तीन स्तर या चरित्रात दिसतात. पहिला प्रतीकाचा : तिच्याकडे पाहून इतर स्त्रिया घराबाहेर पडतात. दुसरा प्रतिनिधीचा : पती नसताना ती त्याचे काम पुढे चालवते. तिसरा स्वतंत्र कार्यकर्तीचा : ती स्वतःच्या निर्णयाने धोका पत्करते. कस्तुरबांच्या बाबतीत १९२२ चे निवेदन दुसऱ्या स्तरावरचे आहे. राजकोटला जाणे तिसऱ्या स्तरावरचे आहे. शिवाजी पार्कच्या सभेचा निर्णय दोहोंच्या सीमेवर आहे. हे स्तर एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, कधी एकाच दिवशी, एकत्र येतात. ‘साथ दिली’ हा शब्दप्रयोग हे सगळे स्तर एकाच रंगात रंगवतो. म्हणून अशा चरित्राचा अभ्यास करताना प्रत्येक प्रसंगी निर्णय कोणी घेतला, किंमत कोणी मोजली आणि नोंद कोणी ठेवली, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

स्वाध्याय

१. सर्ल निर्णयाचा भारतीय स्त्रियांवर कोणता परिणाम झाला? त्यामुळे सत्याग्रहाचे स्वरूप कसे बदलले?

२. १९१३ मधील कस्तुरबांच्या सहभागाविषयीच्या दोन वृत्तान्तांची तुलना करा. कोणता अधिक विश्वसनीय वाटतो? कारणे द्या.

३. कस्तुरबा आणि बसंतीदेवी यांच्या उदाहरणांच्या आधारे ‘पतीच्या अनुपस्थितीतील नेतृत्व’ या संकल्पनेचे बळ आणि मर्यादा स्पष्ट करा.

४. आपल्या प्रांतातील एखाद्या नेत्याच्या पत्नीची माहिती मिळवा. ती माहिती तिच्या स्वतःच्या लेखनातून मिळते की इतरांच्या, हे नोंदवा आणि त्यामुळे चित्रात कोणता फरक पडतो ते लिहा.